वनस्पतींची खातेवही कोण लिहिणार?

भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेने २०२२ साली आपला आभासी वनस्पतिसंग्रह संकेतस्थळाच्या रूपाने सर्वांना खुला केला. वाळवून जपलेल्या सुमारे एक लाख नमुन्यांची छायाचित्रे त्या वेळी त्यावर होती. संस्थेच्या हावडा येथील मध्यवर्ती संग्रहात आणि ठिकठिकाणच्या विभागीय केंद्रांत मिळून असे नमुने तीस लाखांच्या घरात आहेत, हे लक्षात घेतले तर तिसांतला एक नमुना कपाटाबाहेर आला, असा त्याचा अर्थ होतो. प्रारंभ म्हणून ही गोष्ट निःसंशय स्वागतार्ह आहे. मात्र आपल्याकडे अशा प्रत्येक प्रारंभाबरोबर एक समजूत बळावते. संगणक आला, प्रणाली बसली, उद्घाटन झाले, की काम संपले असे मानले जाते. वस्तुतः काम तेथून सुरू व्हायचे असते. संग्रहाच्या व्यवस्थापनाची संगणक-प्रणाली ही शेवटी एक खातेवही आहे. ती कितीही सुबक असली तरी आपली आपण लिहिली जात नाही. आणि लिहिणाऱ्याच्या पगाराची तरतूद न करता खातेवही विकत घेणे याला काटकसर म्हणता येत नाही.

वनस्पतिसंग्रह, म्हणजे ज्याला महाविद्यालयांत सर्रास ‘हर्बेरियम’ म्हणतात तो, ही काय वस्तू आहे हे विज्ञानशाखेबाहेरच्या वाचकाला सहसा ठाऊक नसते. फुलाफळांसकट तोडलेली फांदी कागदाच्या घडीत दाबून वाळवायची, जाड कागदावर पक्की बसवायची आणि खालच्या कोपऱ्यात चिठ्ठी लावायची, एवढीच त्याची कृती. चिठ्ठीवर वनस्पतीचे नाव, सापडल्याचे ठिकाण, तारीख, गोळा करणाऱ्याचे नाव आणि त्याचा अनुक्रमांक असतो. सोळाव्या शतकात इटलीतील पिसा येथे लुका गिनी या अध्यापकाने ही पद्धत रूढ केली, असे मानले जाते. आज न्यूयॉर्कच्या वनस्पती उद्यानातर्फे ठेवल्या जाणाऱ्या जागतिक सूचीत सुमारे साडेतीन हजार संग्रह आणि त्यांतील चाळीस कोटींच्या आसपास नमुने नोंदलेले आहेत. शास्त्रात वनस्पतीचे नाव हवेत राहत नाही. ते एका विशिष्ट नमुन्याला बांधलेले असते. तो नमुना म्हणजे त्या नावाचा मूळ दस्तऐवज. जमिनीच्या व्यवहारात सातबाऱ्याचे जे स्थान, ते वनस्पतिशास्त्रात या कागदाचे.

या कागदांचा सामान्य माणसाच्या जीवनाशी काय संबंध, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे उत्तर आयर्लंडच्या इतिहासात आहे. १८४५ पासून तेथे बटाट्याचे पीक करप्याने बुडाले आणि पुढच्या काही वर्षांत सुमारे दहा लाख माणसे भुकेने आणि रोगराईने मेली. त्या काळी कोणी तरी करपलेली पाने वाळवून संग्रहात ठेवली होती. लंडनजवळील क्यू येथील आणि म्युनिक येथील संग्रहांतल्या त्या पानांतून शास्त्रज्ञांनी रोगजंतूची जनुकीय माहिती मिळवली, आणि ज्या वाणाला तोवर दोषी धरले जात होते त्याहून वेगळाच वाण त्या अनर्थाला कारणीभूत होता, हे २०१३ साली दाखवून दिले. दुसरे उदाहरण अमेरिकेतील बॉस्टनचे. हार्वर्ड विद्यापीठाच्या अर्नोल्ड उद्यानातील झाडांच्या जुन्या नमुन्यांवरील तारखा तपासून २००४ साली असा निष्कर्ष काढण्यात आला, की विसाव्या शतकाच्या प्रारंभीच्या दोन दशकांच्या तुलनेत १९८० नंतर तेथील झाडे सरासरी आठ दिवस लवकर फुलू लागली आहेत. ज्यांनी त्या फांद्या तोडून वाळवल्या, त्यांना हवामानबदल हा शब्दही ठाऊक नव्हता. त्यांनी फक्त तारीख नीट लिहिली होती. नोंद ठेवणाऱ्याला आपल्या नोंदीचा उपयोग कोणता होईल हे कळत नाही. म्हणूनच ती अचूक ठेवावी लागते.

अशा लाखो कागदांचा हिशेब ठेवण्यासाठी संगणक-प्रणाली लागते. कार्यालयात काम करणाऱ्यांना तिची रचना अपरिचित वाटणार नाही. प्रत्येक नमुन्याला एक दाखल क्रमांक मिळतो आणि तो रेषांकित पट्टीच्या रूपाने कागदावर चिकटवला जातो. मग नावांचे एक खाते, ठिकाणांचे दुसरे, संग्राहकांचे तिसरे, बाहेर अभ्यासासाठी दिलेल्या नमुन्यांच्या उसनवारीचे चौथे, अशी खाती परस्परांशी जोडलेली असतात. याचा लाभ काय, हे बाभळीच्या उदाहरणावरून कळेल. पिढ्यान्पिढ्या विद्यार्थ्यांनी बाभळीचे शास्त्रीय नाव ‘अकेशिया निलोटिका’ असे पाठ केले. २००५ साली व्हिएन्ना येथील आंतरराष्ट्रीय परिषदेत अकेशिया हे नाव मुख्यत्वे ऑस्ट्रेलियातील जातींसाठी राखण्याचे ठरले, २०११ साली मेलबर्न येथे त्यावर शिक्कामोर्तब झाले, आणि आपली बाभूळ ‘व्हॅचेलिया’ व खैर ‘सेनेगालिया’ झाला. वहीत लिहिलेल्या संग्रहात अशा वेळी शेकडो पाने खोडावी लागतात. प्रणालीत नावाच्या खात्यातील एक नोंद बदलली, की तिच्याशी जोडलेले सारे नमुने नव्या नावाखाली सापडतात आणि जुन्या नावाने शोध घेणाऱ्यालाही तेथेच पोचवले जाते. कागदावरची जुनी चिठ्ठी मात्र काढायची नसते. नवी शेजारी सही-तारखेनिशी चिकटवायची असते. चांगली प्रणालीही हाच शिष्टाचार पाळते. कोणी, केव्हा, काय ठरवले हा सारा इतिहास ती जपते.

उसनवारीच्या खात्याचे महत्त्वही कमी नाही. २०१७ साली पॅरिसच्या निसर्गेतिहास संग्रहालयाने ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँडच्या संग्रहाकडे अभ्यासासाठी पाठवलेले एकोणिसाव्या शतकातील शंभराहून अधिक नमुने तेथील जैवसुरक्षा अधिकाऱ्यांनी नष्ट केले. सोबतची कागदपत्रे अपुरी होती, हे त्याचे कारण. दीड शतक जपलेला ठेवा एका कारकुनी त्रुटीपायी गेला. कारकुनी कामाला हलके लेखणाऱ्यांनी ही घटना अवश्य ध्यानात ठेवावी.

या प्रणाली दुर्मिळ वा अवाच्या सवा महाग आहेत, असेही नाही. ऑक्सफर्ड विद्यापीठात वाढलेली ‘ब्राम्स’ अनेक देशांतील संग्रहांत वापरली जाते. अमेरिकेतील कॅन्सस विद्यापीठातून निघालेली ‘स्पेसिफाय’ आणि अनेक संग्रहांना एका संकेतस्थळावर आणणारी ‘सिम्बायोटा’ या दोन्हींची मूळ आज्ञावली कोणालाही मुक्तपणे वापरता येते. एका प्रणालीतील नोंद दुसरीला कळावी म्हणून ‘डार्विन कोअर’ या नावाचा सर्वमान्य नोंदनमुना २००९ साली मुक्रर झाला. त्यात ठिकाण, तारीख, संग्राहक आदी रकाने कोणत्या नावाने आणि कोणत्या अर्थाने भरायचे, हे ठरवून दिलेले आहे. कोपनहेगन येथे कार्यालय असलेल्या, २००१ साली स्थापन झालेल्या जागतिक जैवविविधता माहिती संस्थेकडे या पद्धतीने दोनशे कोटींहून अधिक नोंदी एकत्र झाल्या आहेत. तात्पर्य, वही तयार आहे, रकाने आखलेले आहेत आणि ती घ्यायला फारसे पैसेही पडत नाहीत. घोडे पेंड खाते ते पुढेच.

चिठ्ठीवरील मजकूर रकान्यात उतरवणे हे वरवर नकलनविशीचे काम वाटते. प्रत्यक्षात ते तसे नाही. एखाद्या जुन्या चिठ्ठीवर ‘खंडाळा’ एवढाच शब्द आहे, असे समजा. हे लोणावळ्याजवळचे बोरघाटातले खंडाळे की सातारा जिल्ह्यातले? मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातील फादर सांतापाव यांनी ज्याच्या वनस्पतींवर ग्रंथ लिहिला ते खंडाळे घाटमाथ्यावरचे, धुवाधार पावसाचे. दुसरे त्या मानाने कोरड्या मुलखातले. दोहोंत सापडणाऱ्या वनस्पती एकच कशा असतील? संग्राहक कोण, तो आदल्या दिवशी कोठे होता, त्याचा पुढचा क्रमांक कोणत्या गावचा, हे ताडून पाहणाराच याचा निवाडा करू शकतो. एकोणिसाव्या शतकातील कित्येक चिठ्ठ्यांवर तर ‘मलबार, कोंकण इत्यादी’ एवढाच पत्ता आहे. संगणक नकाशावर बिंदू मागतो. घाईत असलेला नोंदणीकार कोकणाच्या मध्यावर कोठे तरी बिंदू देऊन मोकळा होतो, आणि पन्नास वर्षांनी कोणी संशोधक तो बिंदू खरा मानून त्या गावी ती वनस्पती शोधत फिरतो. म्हणूनच नोंदनमुन्यात बिंदूबरोबर त्याची अनिश्चितता किती मीटरांची, हा स्वतंत्र रकाना ठेवलेला आहे. तो रकाना प्रामाणिकपणे भरण्यासाठी भूगोल जाणणारा, जुनी हस्ताक्षरे वाचणारा आणि आपले अज्ञान नोंदवायला न लाजणारा माणूस लागतो.

हे काम आता कृत्रिम बुद्धिमत्ता करील, असा युक्तिवाद अलीकडे ऐकू येतो. छापील चिठ्ठ्या वाचण्यात आणि नमुन्यांची ढोबळ वर्गवारी करण्यात यंत्राची मदत होते, हे नाकारण्याचे कारण नाही. पण यंत्र ‘खंडाळा’ हा शब्द बिनचूक वाचील. तो कोणता खंडाळा, हे ज्यांच्या आधारे कळायचे त्या नोंदीच जर कोणी तपासलेल्या नसतील, तर आडातच नाही ते पोहऱ्यात कोठून येणार? शिवाय यंत्राची चूक ही एका कागदापुरती राहत नाही. एकाच पद्धतीने ती हजारो कागदांवर उमटते आणि छापील अक्षरांच्या अधिकाराने वावरते.

तज्ज्ञ माणसांच्या अभावाची किंमत किती मोठी आहे, याचा अंदाज २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासावरून येतो. नवी म्हणून जाहीर झालेली वनस्पती प्रथम गोळा केव्हा झाली होती, हे त्यात तपासले गेले. गोळा झाल्यापासून पाच वर्षांच्या आत नाव मिळालेल्या जाती जेमतेम सोळा टक्के निघाल्या. सुमारे एकचतुर्थांश जातींच्या बाबतीत पन्नास वर्षांहून अधिक काळ गेला होता. सपुष्प वनस्पतींच्या सुमारे सत्तर हजार जाती अद्याप अज्ञात असाव्यात आणि त्यांतील निम्म्याहून अधिक कुठल्या ना कुठल्या संग्रहात आधीच येऊन पडलेल्या असाव्यात, असा त्या अभ्यासकांचा अंदाज आहे. अज्ञात वनस्पतीच्या शोधासाठी दऱ्याखोऱ्यांत हिंडावे लागते हे खरे. पण जे शोध कपाटात वाट पाहत आहेत, त्यांच्यासाठी लागते ती फक्त कपाट उघडून पाहणारी जाणती नजर.

येथे दुसऱ्या टोकाचा एक आक्षेप विचारात घेतला पाहिजे. छायाचित्रे निघाली, नोंदी संगणकात गेल्या, की मूळ कागद सांभाळण्याचा खर्च कशाला, असे व्यवहारी माणसे विचारतात. हा विचार केवळ दरिद्री देशांतच होतो असे नाही. अमेरिकेतील ड्यूक या संपन्न विद्यापीठाने सव्वाआठ लाखांच्या आसपास नमुने असलेला आपला संग्रह बंद करून अन्यत्र हलवण्याचा निर्णय फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर केला, तेव्हा जगभरच्या शास्त्रज्ञांनी त्याविरुद्ध आवाज उठवला. छायाचित्राचे मोल मोठे आहेच. १ मार्च १९४३ च्या रात्री बाँबहल्ल्यात बर्लिनचा वनस्पतिसंग्रह भस्मसात झाला. मात्र शिकागोच्या फील्ड संग्रहालयाचे मॅक्ब्राइड यांनी १९२९ पासून युरोपातील संग्रहांत फिरून मूळ नमुन्यांची चाळीस हजारांवर छायाचित्रे घेतली होती. बर्लिनचे कित्येक नमुने आज त्या छायाचित्रांतच उरले आहेत. पण छायाचित्र हा विमा आहे; विमा उतरवला म्हणून कोणी घर पाडत नाही. बटाट्याच्या करपलेल्या पानाचे नुसते छायाचित्र असते, तर त्यातून रोगजंतूचे कूळ काढता आले नसते.

आता प्रश्न उरतो मालकीचा. मुंबई इलाख्यातील वनस्पतींचा आजही आधारभूत मानला जाणारा ग्रंथ पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयाचे एके काळचे प्राचार्य थिओडोर कुक यांचा. तो १९०१ ते १९०८ या काळात प्रसिद्ध झाला, आणि त्याचे बरेचसे काम त्यांनी निवृत्तीनंतर क्यूच्या संग्रहात बसून केले. ईस्ट इंडिया कंपनीसाठी नॅथॅनिएल वॉलिच यांनी जमवलेला प्रचंड संग्रहही आज क्यू येथेच आहे. आपल्या डोंगरांतील वनस्पतींचे मूळ दस्तऐवज पाहण्यासाठी आपल्या अभ्यासकाला सातासमुद्रापलीकडे जावे लागावे, हा वसाहतकाळाचा वारसा. ब्राझीलची स्थिती वेगळी नव्हती. त्या देशाने २०१० साली ‘रिफ्लोरा’ हा उपक्रम हाती घेतला. क्यू, पॅरिस आदी ठिकाणच्या ब्राझिली नमुन्यांची उत्तम छायाचित्रे व नोंदी मिळवल्या आणि रिओ द जानेरोच्या वनस्पती उद्यानात त्या आपल्या व्यवस्थेखाली सर्वांसाठी खुल्या केल्या. कागद परत आले नाहीत, पण माहिती परत आली. हे शक्य झाले, कारण आलेली माहिती सामावून घेणारी प्रणाली आणि ती पारखणारे शास्त्रज्ञ तेथे हजर होते. पदरात घेणारा कोणी नसेल, तर देणारा तरी काय करील?

खुलेपणालाही विवेकाची मर्यादा हवी. जुन्नर-शिवनेरीच्या परिसराशी जिचे नाव निगडित आहे ती शिंदळ माकुडी ही वनस्पती डॅल्झेल यांनी १८६० च्या दशकात शास्त्राला परिचित करून दिली आणि तेव्हाचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या नावाने तिला ‘फ्रेरिया इंडिका’ म्हटले. मोजक्या कड्याकपारींत तग धरून राहिलेल्या अशा वनस्पतीचे नेमके अक्षांश-रेखांश संकेतस्थळावर मांडणे म्हणजे मांसल खोडांच्या झाडांचे छांदिष्ट आणि त्यांचे व्यापारी यांना हाताला धरून तेथवर नेणे होय. प्रणालीत असे ठिकाण सर्वांसाठी धूसर आणि अधिकृत अभ्यासकासाठी नेमके ठेवता येते. पण कोणती वनस्पती धोक्यात आहे, हे तिला कोणी तरी सांगावे लागते. पुन्हा प्रश्न माणसापाशीच येऊन थांबतो.

या साऱ्याच्या उजेडात महाराष्ट्राकडे पाहिले, तर आनंदाबरोबर विषादही वाटतो. पुण्यात वनस्पती सर्वेक्षणाचे पश्चिम विभागीय केंद्र आहे. शंकर पुरुषोत्तम आघारकर यांच्या नावाने चालणाऱ्या संशोधन संस्थेचा संग्रह आहे. मुंबईत ब्लॅटर हर्बेरियम आहे. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातही या विद्येची परंपरा आहे. पण यांच्यापलीकडे जिल्ह्याजिल्ह्यांतील महाविद्यालयांत जी लहान कपाटे आहेत, त्यांचे काय? आपल्या तालुक्यातील टेकड्या आणि देवराया पायाखाली घालणारा एखादा प्राध्यापक तीस वर्षे नमुने जमवतो आणि निवृत्त होतो. त्याची जागा रिकामी राहते किंवा तासिका तत्त्वावरील अध्यापकाने भरली जाते, आणि दोन पावसाळ्यांत कपाटात बुरशी व कसर शिरते. अनेक महाविद्यालयांच्या डेड स्टॉक रजिस्टरात त्या लोखंडी कपाटाची नोंद सापडेल. आतील नमुन्यांची सापडणार नाही. कपाट हरवले तर लेखापरीक्षक हरकत घेतो. नमुने नष्ट झाले तर कोणाला काही विचारायचे नसते. ज्या टेकडीवरची झाडे त्या कागदांवर होती ती टेकडी एव्हाना रस्त्यासाठी वा वसाहतीसाठी कापली गेली असेल, तर तेथे काय होते याचा तो एकमेव पुरावाही मग उरत नाही.

अर्थशास्त्राच्या भाषेत सांगायचे, तर संग्रहातील माहिती ही सार्वजनिक वस्तू आहे. तिचा लाभ सर्वांना होतो, म्हणून तिची किंमत कोणीच मोजत नाही. बाजार ती पुरवत नाही, आणि शासनाने हात आखडला की ती नाहीशी होते. शासनाचा हात भांडवली खर्चासाठी सैल सुटतो. यंत्रे येतात, कोनशिला बसते, छायाचित्र छापून येते. आवर्ती खर्चाचा, म्हणजे माणसांच्या पगाराचा, विषय निघताच फाइल टेबलांवरून फिरू लागते. संग्रहाच्या बाबतीत हे गणित नेमके उलटे करायला हवे. तेथे यंत्राचा खर्च थोडा आणि एकदाचा. माणसाचा खर्च मोठा आणि नित्याचा आहे.

करावयाच्या गोष्टी अवघड नाहीत. प्रत्येक विद्यापीठाने आपल्या क्षेत्रातील महाविद्यालयांकडे असलेल्या नमुन्यांची मोजदाद करावी. मुक्त स्वरूपाची एकच प्रणाली सर्वांसाठी स्वीकारावी, म्हणजे लहान महाविद्यालयाला स्वतंत्र सर्व्हर आणि तंत्रज्ञ बाळगावा लागणार नाही. नोंदी सर्वमान्य नमुन्यात असाव्यात आणि त्यांची प्रत संस्थेच्या हाती राहावी, म्हणजे एखादी कंपनी बंद पडली वा कंत्राट संपले तरी माहिती अडकून पडणार नाही. शास्त्रीय नावाबरोबर मराठी नाव आणि गावाचे देवनागरीतील नाव यांचेही रकाने असावेत; रोमन लिपीतल्या गावाच्या नावावरून उच्चाराचा बोध होत नाही, हे कोणाही मराठी माणसाला ठाऊक आहे. विज्ञानशाखेचे विद्यार्थी प्रात्यक्षिक परीक्षेसाठी दरवर्षी जे नमुने तयार करतात, ते परीक्षेनंतर रद्दीत जातात. त्यांतील निवडक नमुने शिक्षकाने तपासून ठिकाण-तारखेसह दाखल करावेत. पॅरिसच्या संग्रहाने २०१२ पासून सामान्य नागरिकांकडून छायाचित्रांवरील चिठ्ठ्या वाचून घेण्याचा उपक्रम चालवला आहे. मोडी आणि जुने इंग्रजी वळण वाचू शकणारी निवृत्त मंडळी आपल्याकडे कमी नाहीत. आणि या सर्वांच्या आधी, जेथे जेथे संग्रह आहे तेथे त्याचा एक पूर्णवेळ, कायम आणि वनस्पतिशास्त्र जाणणारा पालक नेमला पाहिजे. ही शेवटची गोष्ट टाळून बाकीच्या केल्या, तर त्या फार दिवस टिकणार नाहीत.

संगणकाच्या पडद्यावर रिकामा रकानाही नीटनेटका दिसतो. तो पाहून समाधान मानायचे की त्यात लिहिणारा माणूस नेमायचा, याचा निर्णय मंत्रालयाला, विद्यापीठांना आणि संस्थाचालकांना लवकरच करावा लागेल. जुन्या चिठ्ठ्यांवरची शाई फिकट होत आहे. ती वाचू शकणारे शिक्षक एकेक करून निवृत्त होत आहेत, आणि त्यांच्यामागून येणाऱ्या प्रणालीला, ती कितीही कार्यक्षम असली, तरी विचारायला कोणी उरलेले नसेल.